रुसलेले दाजी आणि प्रथम वर्ष समाजशास्त्र

राजूरला काकासाहेबांच्या घरी कार्य निघालं की आचारी कोण, भोंगा कुणाचा, बस्ता कुठं बांधायचा यावर चार-चार दिवस खल चालायचा. दाजी रुसतील का, यावर मात्र कधी कुणी तोंड उघडलं नाही. ते ठरलेलंच होतं. सूर्य कोणत्या बाजूनं उगवणार यावर कुणी बैठक घेत नाही.

दाजी म्हणजे धावड्याचे रखमाजी. काकासाहेबांच्या थोरल्या बहिणीचे, गिरिजाबाईंचे मालक. एरवी हा माणूस इतका गरीब, की बैलानं पायावर पाय दिला तर आधी बैलाचा खूर तपासायचा. त्यांचा आवाज शेजारच्या घरी कधी ऐकू गेला नव्हता. पण सासुरवाडीला मांडव पडला रे पडला, की त्यांच्या अंगात जावई यायचा.

अंगात आलेल्या जावयाला कारण लागतं, आणि कारणांची राजूरला कधी टंचाई पडली नाही. सत्यनारायणाला आहेराचा फेटा विटका निघाला. काकासाहेबांच्या धाकट्या लेकीच्या बारशाला खाटेवर गादी होती, पण गादीवर चादर नव्हती. वास्तुशांतीला तर आवतण घेऊन आलेला माणूस हळदीकुंकवाचा करंडाच घरी विसरला. असं काही झालं की रखमाजी न बोलता चपला घालायचे आणि भिवाच्या पिठाच्या गिरणीसमोर लिंबाचं झाड आहे, त्याच्या बुडाशी जाऊन बसायचे. जागा मोठी विचारानं निवडलेली होती. मांडवातून दिसावं, पण हाक मारली तर ऐकूच आली नाही असं म्हणता यावं, इतक्या अंतरावर.

मग समजूत सुरू व्हायची. आधी पोरंसोरं यायची. त्यांच्याकडं बघायचं नसतं. मग बायका पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या. तांब्या भरलेला परत जायचा. शेवटी काकासाहेब आणि त्यांचा धाकटा भाऊ रामराव जोडीनं यायचे, एकानं एक हात धरायचा, दुसऱ्यानं दुसरा, आणि दोघांनी म्हणायचं, "चुकलं आमचं, दाजी." दोन्ही मेव्हणे पाहिजेत. एकटा आला तर ती समजूत अर्धी. हा नियम कुणी घातला ते कुणाला सांगता आलं नसतं, पण तो मोडावा असंही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मनात आलं ते गिरिजाबाईंच्या, आणि त्यात दोष असेल तर तो सरकारचा. गिरिजाबाई धावड्यात अंगणवाडी चालवायच्या. वरच्या जागेवर जायचं तर पदवी पाहिजे, असा कागद आला. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी मुक्त विद्यापीठात नाव घातलं आणि दर रविवारी एसटीनं भोकरदनच्या केंद्रावर जायला लागल्या. विषय घेतला समाजशास्त्र. इतर विषयांना पुस्तकं लागतात, याला सासर आणि माहेर पुरतं, असं तिथल्या तरुण सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

अभ्यास चुलीपुढं चालायचा. भाकरी थापता थापता गिरिजाबाई घोकायच्या आणि रखमाजी पाटावर बसून ऐकायचे.

"दर्जा म्हणजे समाजातली माणसाची जागा. भूमिका म्हणजे त्या जागेवर बसल्यावर करायची कामं."

"म्हणजे मी काय?" रखमाजींनी विचारलं.

"तुम्ही नवरा. हा दर्जा."

"आन् भूमिका?"

"दोन घागरी पाणी आणा. ही भूमिका."

रखमाजींनी पाणी आणलं, पण विषयात त्यांना गोडी लागली. "एका माणसाला असे दर्जे किती राहतात?"

"पुष्कळ. तुम्ही बाप, तुम्ही भाऊ, तुम्ही सोसायटीचे सभासद. आन् राजूरचे जावई."

शेवटचं ऐकून रखमाजी जरा ताठ बसले. "त्याची भूमिका काय म्हणायची?"

गिरिजाबाईंनी भाकरी उलटली. "रुसायची."

"असं पुस्तकात हाय?"

"पुस्तकात नाव न्हाई तुमचं. वर्णन तेच हाय."

त्या रात्री रखमाजी समाधानानं झोपले. आपण करतो ते शास्त्राला धरून आहे, हे कळायला माणसाला फार वाट बघावी लागते.

पुढच्या रविवारी धडा होता लोकरीतींचा. लिहून ठेवलेल्या नसतात, पण सगळे पाळतात, आणि मोडल्या की लोक बोटं मोडतात, त्या लोकरीती. सरांनी काम दिलं होतं, की प्रत्येकानं घरातली एक रीत एक दिवस पाळायची नाही, काय होतं ते नुसतं बघायचं, आणि वर्गात उभं राहून सांगायचं. वर्गातल्या एका बाईनं नवऱ्याच्या आधी जेवून बघितलं. आभाळ कोसळलं नाही, फक्त सासू माहेरी निघून गेली. बाईनं दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

"तू काय मोडणार?" रखमाजींनी विचारलं.

"बघू. नंदाच्या लग्नात सापडंल काही तरी," गिरिजाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडं मोठ्या मायेनं बघितलं. इतकी माया बघून माणसानं सावध व्हायला पाहिजे होतं.

नंदा म्हणजे काकासाहेबांची थोरली लेक. १९९४च्या वैशाखात तिचं लग्न निघालं, नवरदेव बदनापूरचा. रखमाजी आणि गिरिजाबाई आदल्या दिवशीच राजूरला पोचले. मांडवात रामराव दिसले नाहीत, पण त्यात नवीन काही नव्हतं. दोघा भावांचं सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून फाटलं होतं, घरात भिंत पडली होती आणि बोलणं बंद होतं. बायकांचं मागच्या दारानं येणं-जाणं चालू होतं, कारण भांडण बायकांना परवडत नाही. काकासाहेबांनी पत्रिकेवर 'रामराव (चुलते)' असं छापलं होतं आणि ती पत्रिका अख्ख्या तालुक्यात वाटली होती. फक्त भिंतीपलीकडं दिली नव्हती.

लग्नाच्या सकाळी सासूबाई चतुराबाई पदर सावरत स्वतः कपबशी घेऊन आल्या आणि जावयापुढं ठेवून गेल्या. रखमाजींनी घोट घेतला. चहात साखर नव्हती. त्यांनी तळ ढवळून बघितला. बिलकुल नव्हती.

ते उठले, चपला घातल्या आणि लिंबाकडं निघाले. मांडवातल्या बायांनी बघितलं, आचाऱ्यानं बघितलं. रखमाजींना बरं वाटलं. सगळं बराबर चाललं होतं.

खरं सांगायचं तर साखरेचं त्यांना काही नव्हतं. धावड्यात ते चौघा भावांतले तिसरे. बैठकीत पानाचं तबक त्यांच्यापर्यंत येईस्तोवर चुना संपलेला असायचा. सोसायटीच्या सभेत त्यांनी हात वर केला तर लोकांना वाटायचं आळस देऊन राह्यले. सगळ्या जगात हा एकच लिंब असा होता, जिथं दोन माणसं येऊन त्यांचे दोन हात धरायची आणि चुकलं म्हणायची. वर्षाकाठी एखाद्या वेळी एवढं झालं, की त्यावर उरलेलं वर्ष निघायचं.

पोरं आली नाहीत. खेळत असतील, रखमाजींनी मनाशी म्हटलं. बायकाही आल्या नाहीत. लगीनघाई आहे. ऊन लिंबाच्या बुडाशी आलं, तसे ते सावलीबरोबर सरकले. मांडवातून बुंदीचा वास यायला लागला. त्यांनी मांडवाकडं केलेली पाठ थोडी तिरकी केली, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसावं.

एवढ्यात भोंगा बोलला, "धावड्याचे जावई रखमाजी असतील तिथून मांडवात यावे."

रखमाजी अर्धे उठले. पण ही समजूत म्हणायची का? भोंग्याला हात नसतात. विचार चालू होता तोवर भोंगा त्याच सुरात म्हणाला, "एक लाल रंगाची चप्पल सापडली आहे, ज्याची असेल त्याने ओळख पटवून न्यावी." रखमाजी परत घट्ट बसले. चपलेच्या रांगेत जाणारे ते जावई नव्हते.

गिरणीचा पट्टा थांबला आणि भिवा पिठानं पांढरा होऊन बाहेर आला. त्यानं रखमाजींकडं बघितलं, मांडवाकडं बघितलं, आणि शेजारी उकिडवा बसला.

"दाजी, अजून हितंच?"

"येतील," रखमाजी म्हणाले.

"न्हाई येणार," भिवा अवघडून म्हणाला. "सांगू का नको असं झालंय. अक्कानं सगळ्याइला ताकीद देल्ली, औंदा दाजीला समजवायला कुणीच जायचं न्हाई म्हणून. कालेजाचा धडा हाय म्हणे. म्हातारी म्हणली, 'बाई, असं करू नको,' पर काकासाहेब म्हणले, 'करू द्या, शिक्षणाचं काम हाय.' लई खूश हायेत ते."

रखमाजींनी एकदा मांडवाकडं बघितलं. मग म्हणाले, "मी आपण होऊन गेलो तर?"

"मंग अक्का पास."

"आन् हितंच बसलो तर?"

भिवानं विचार केला. "तरी बी अक्काच पास."

भिवा परत गिरणीत गेला. जाताना तो हळहळत होता, आणि तेच रखमाजींना जास्त लागलं. लिंब तोच होता, बसणं तेच होतं. पण समजवायला कुणी येणार नसेल, तर रुसलेला माणूस आणि नुसता झाडाखाली बसलेला माणूस यांत फरक काय राहिला? आपण आत्ता काय आहोत, जावई की येणारे-जाणारे? याचं उत्तर चुलीपुढं कुणी घोकलं नव्हतं. उठून गेलं तर आज जेवण मिळेल, पण हा लिंब कायमचा जाईल. न जावं तर पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहतील.

तेवढ्यात गल्लीच्या वळणावरून रामराव येताना दिसले. गुळगुळीत दाढी, कडक धोतर, खांद्यावर नवा टॉवेल. मांडव टाळून, गिरणीला वळसा घालून ते आले आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"दाजी! तुम्ही रुसले कधी?"

"सकाळीच. चहाला."

"सकाळी? मंग मला सांगायला कुणी काहून आलं न्हाई?" रामरावांचा आवाज चढला. "मी आंघोळ करून सकाळपासून ओट्यावर बसून राह्यलो. म्हणलं औंदा दाजी रुसलेच न्हाई का काय! घोर लागला ना जिवाला."

"मला समजवायचं न्हाई असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"तुमच्या अक्कानं. कालेजात शिकवलं."

"अक्काला कालेजात घातलं कुणी?"

"मीच," रखमाजी म्हणाले.

रामराव बुडाशी टेकले. थोड्या वेळानं त्यांनी पुढं होऊन रखमाजींचा उजवा हात धरला. "चला, मी समजावतो. चुकलं आमचं, दाजी."

दोघांनीही रखमाजींच्या डाव्या हाताकडं बघितलं. तो मांडीवर मोकळा पडला होता.

"अर्धीच झाली," रखमाजी म्हणाले.

"अर्धीच," रामरावांनी हात सोडला. मग मांडवाकडं न बघता म्हणाले, "तुम्हाला सांगतो दाजी, तुम्ही रुसता म्हणून माझं येणं होतं. आमचं भांडण घरातलं, पर जावई रुसला म्हणजे सगळ्या भावकीची इज्जत. भिंतीवरून आवाज आला, 'दाजी रुसले,' की मी निघालो. मंग तुम्हाला घेऊन मांडवात शिरलो की पंगतीतून कोण उठवतंय मला? आज कुणी आवाजच देल्ला न्हाई." ते टॉवेलाची दशी ओढत बसले. "नंदी माझ्या खांद्यावर बसून पोळा बघायची. आता ती चालली, आन् मी दाढी करून ओट्यावर."

रखमाजी त्यांच्याकडं बघतच राहिले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण फेट्यासाठी रुसतो, चादरीसाठी रुसतो, मानासाठी रुसतो.

"म्हणजे मी काय तुमचं दार हाय का, रामराव?"

"तसं म्हणा."

भोंगा परत बोलला, "वेळ होत आलेली आहे. नवरीच्या मामांनी तयारीत राहावे."

रखमाजी उठले. धोतर झटकलं. मग म्हणाले, "बसा हितं."

"बसलोय की."

"तसं न्हाई. माझ्या जागी. पाठ मांडवाकडं करा. चपला काढू नका, चपला काढल्या की माणूस मुक्कामाला आला असं दिसतं. आन् तोंड?"

"काय झालं तोंडाला?"

"देवाला कौल लावल्यावानी आशाळभूत दिसू राह्यलं. जरा पाडा."

रामरावांनी तोंड पाडलं. "पर मी रुसलो कशाला म्हणून सांगायचं?"

"पत्रिका छापली, गावाला वाटली, तुम्हाला देल्ली न्हाई. याच्यापेक्षा भारी कारण मला उभ्या जन्मात मिळालं न्हाई, रामराव. मी साखरेवर दिवस काढले."

"कुणी पाणी आणलं तर?"

"घ्यायचं न्हाई."

"आन् तहान लागली तर?"

"मंग आत्ताच भिवाकडं पिऊन घ्या. जल्दी."

रखमाजी मांडवाकडं चालायला लागले. समजूत निघण्याआधी परतणारे दाजी राजूरनं कधी बघितले नव्हते. बायांची कुजबुज थांबली. आचाऱ्याचा झारा हवेतच राहिला. खांबाला टेकून उभ्या असलेल्या गिरिजाबाईंनी नवऱ्याला बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. धडा जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा पडत नसतो. रखमाजींनी तो बघितला, पण थांबायला सवड नव्हती. ते थेट भोंगेवाल्याकडं गेले आणि त्याच्या हातातला माईक घेतला.

"मंडळी," ते म्हणाले, आणि स्वतःचा आवाज एवढा मोठा येतो हे बघून क्षणभर थांबले. धावड्यात हे कुणी ऐकायला पाहिजे होतं. "नवरीचे सख्खे चुलते रामराव रुसलेले आहेत. ते गिरणीपाशी, लिंबाखाली बसलेले आहेत. समजूत काढल्याबगर पुढं जाता येत न्हाई, असा या घरचा रिवाज हाय."

काकासाहेब लाल झाले. पण समोर बदनापूरचं वऱ्हाड बसलं होतं, आणि पत्रिकेवर चुलत्याचं नाव छापलेलं होतं. नवरदेवाचा बाप हातातल्या अक्षता परत ताटात टाकत म्हणाला, "मंग चला की व्याही. सख्खा चुलता बाहेर बसल्यावर अक्षता कशा टाकायच्या?"

काकासाहेब बहिणीजवळ गेले आणि दात-ओठ खात कुजबुजले, "अक्का, तुझा तो धडा? कुणी जायचं न्हाई म्हणल्ती ना तू?"

"धडा दाजीपुरता होता," गिरिजाबाई म्हणाल्या. "रामरावचं पुस्तकात न्हाई."

वरात निघाली लिंबाकडं. पुढं काकासाहेब, शेजारी रखमाजी, मागं निम्मं वऱ्हाड. रामराव सांगितल्याप्रमाणं पाठ करून बसले होते, पण कान मागं होते. काकासाहेबांनी एक हात धरला. दुसरा रखमाजींनी. काकासाहेब म्हणाले, "चल. नंदी वाट बघू राह्यली."

"असं न्हाई," रखमाजी गंभीरपणानं म्हणाले. "'चुकलं आमचं' म्हणावं लागतं."

काकासाहेबांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की दुसरा जावई असता तर धावड्यापर्यंत पळाला असता. रखमाजी हलले नाहीत. लिंबाखाली कोण काय म्हणतं, हे त्यांच्याइतकं कुणाला पाठ होतं?

"चुकलं आमचं," काकासाहेब जमिनीकडं बघत म्हणाले.

आणि रामराव उठले. इतक्या जल्दी उठले, की रखमाजींनाच लाज वाटली. पहिल्या 'चुकलं'ला उठतात का कधी? निदान मान तरी फिरवायची. नवशिका माणूस, काय करणार.

लग्न लागलं. रामरावांनी अक्षता टाकल्या, त्या निम्म्या भटजींच्या डोक्यावर पडल्या, कारण त्यांना नीट दिसत नव्हतं. पंगतीत दोघे भाऊ शेजारी बसले आणि एकमेकांशी एक शब्दही न बोलता एकमेकांना बुंदीचा आग्रह करत राहिले.

रखमाजी वाढायला घेत होते, तेव्हा गिरिजाबाई जवळ आल्या. "अहो, तुमची समजूत कुणी काढली?"

"कुणीच न्हाई."

"मंग आले कसे?"

"कामानं आल्तो," रखमाजी म्हणाले आणि वरणाची बादली घेऊन पुढं गेले. आपण सकाळपासून रुसलेलो आहोत, हे त्यांना तेव्हा कुठं आठवलं. गिरिजाबाईंनी त्यांच्या मागोमाग जाऊन, सगळ्यांच्या देखत, त्यांचा बादली नसलेला हात धरला. "चुकलं माझं," त्या पुटपुटल्या. वरण सांडलं तेवढं.

पुढच्या रविवारी गिरिजाबाईंनी वर्गात सगळं सांगितलं. सर खडू हातात धरून ऐकत राहिले, आणि म्हणाले, की हा आपला पुढचा धडा आहे, तुम्ही आधीच करून आलात. संध्याकाळी चुलीपुढं तो धडा झाला.

"प्रकट कार्य म्हणजे एखादी रीत कशासाठी हाय म्हणून लोक सांगतात ते. जसा तुमचा मान. आन् सुप्त कार्य म्हणजे त्या रीतीतून आपोआप होऊन जातं, पर कुणाच्या ध्यानात नसतं ते. जसं रामरावचं येणं."

"कुणाच्याच ध्यानात नसतं?"

"पुस्तक तर तसंच म्हणतं."

रखमाजी विचारात पडले. त्यांना तो बिनसाखरेचा चहा आठवत होता. दूध दाट होतं. आलं होतं. वेलदोडासुद्धा होता. एवढं सगळं आठवणीनं घालणारं माणूस साखर विसरतं का?

पावसाळ्यात ते सासूबाईंना भेटायला राजूरला गेले. विहिरीची पाळी परत पेटली होती आणि भावांचं बोलणं परत बंद झालं होतं. चतुराबाई एकट्याच ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी चहा करून आणला. तो इतका गोड होता, की बशीला चिकटला.

"मामी," रखमाजी म्हणाले, "लग्नाच्या दिवशी साखर न्हव्हती चहात."

"न्हव्हती," चतुराबाई म्हणाल्या.

"आन् आधीच्या बारशाला चादर."

"मीच काढून ठेवली होती, जावईबापू." म्हातारीनं शेंगा बाजूला सारल्या. "फेटा खरंच विटका निघाल्ता. पर तुम्ही उठून गेले, आन् बोलत नसलेली माणसं दोन्ही बाजूनं तुमचे हात धरून आली, तव्हापासून माझ्या ध्यानात आलं. मंग दर कार्याला काही तरी चुकवायचं म्हणजे डोकं लावावं लागतं. आता वय झालं, सुचत न्हाई. नंदीला दिवस गेलेत. बारसं हितंच होणार."

रखमाजींनी चहा संपवला. कपबशी खाली ठेवली. मिशीवरून हात फिरवून थोडा वेळ विचार केला.

"फेटा विटका द्या," ते म्हणाले. "बऱ्याच दिवसांत झाला न्हाई."